शॉर्ट स्केल बेस गिटार: सेटअप, बदल आणि अपग्रेड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉर्ट स्केल म्हणजे नेमकं किती? माझा बेस त्यात येतो का?

स्केल म्हणजे नट (नेकच्या डोक्याकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज एवढी वाजणाऱ्या तारेची लांबी. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३८१ मिमी भरलं तर स्केल ७६२ मिमी, म्हणजे ३० इंच. टेप थेट ब्रिजपर्यंत लावू नका. इंटोनेशनसाठी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून, सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) मागे सरकवलेले असतात, त्यामुळे चारही तारांची मापं वेगवेगळी येतात आणि खऱ्या स्केलपेक्षा जास्त भरतात.

हॉफनर ५००/१ (१९५६ पासून), फेंडर मस्टँग (१९६६ पासून) आणि स्क्वायर ब्रोंको हे ३० इंची. गिब्सनचे ईबी-० आणि ईबी-३ साडेतीस इंची. ग्रेच ज्युनियर जेट ३०.३ इंची. आयबानेझ मिक्रो त्याहून आखूड, २८.६ इंच. ३२ इंचाला मीडियम म्हणतात, ३४ इंच म्हणजे नेहमीचा लाँग स्केल.

पहिला खर्च कशावर करावा?

तारांवर. मग सेटअप, मग नट, त्यानंतर पिकअप आणि वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी ब्रिज आणि ट्यूनर. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण चकचकीत ब्रिज फोटोत दिसतो आणि नीट कापलेला नट दिसत नाही. चुकीच्या मापाच्या, ढिल्या तारा असलेल्या बेसवर महागडा पिकअप बसवला तर त्या तारांचा गचाळ आवाज जास्त स्पष्ट ऐकू येतो, एवढंच.

ई तार इतकी लुळी का लागते?

तारेचा ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ इंचावरून ३० वर आलात की तीच तार त्याच सुरात लावल्यावर ताण साधारण २२ टक्क्यांनी घटतो. लाँग स्केलवर १८ किलोच्या आसपास ताण असलेली ई तार इथे १४ किलोवर येते. दुसऱ्या शब्दांत, ३४ इंची बेस ई ऐवजी डी-ला उतरवल्यावर तार जेवढी ढिली होते, तेवढी ती ३० इंचावर मुळातच असते. ई तारेची कंपनं ४१.२ हर्ट्झ, तळाच्या डीची ३६.७. हिशोब करून बघा, जवळजवळ तंतोतंत जुळतो.

या ढिलेपणातच शॉर्ट स्केलचा गोल, फुगीर आवाज आहे. तो पूर्ण घालवायला गेलात तर मग ३४ इंची बेसच घ्या. फक्त ई तार फ्रेटवर आदळणार नाही आणि जोरात छेडल्यावर सूर वर चढून खाली येणार नाही, इतपत ताण हवा.

मग किती जाडीच्या तारा लावू?

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. जाडी वाढली की ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १०५ ची ई लावली तर ताण सुमारे १० टक्के वाढतो, ११० ची लावली तर २१ टक्के. लाँग स्केलच्या ४५-६५-८०-१०० संचाचा ताण ३० इंचावर हुबेहूब हवा असेल तर साधारण ५१-७४-९१-११३ लागतील. असा संच मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. राउंडवाउंडमध्ये (गोल तारेचं वेष्टण असलेल्या तारांत) ५०-७०-८५-१०५ च्या जवळपासचा शॉर्ट स्केल संच ही बहुतेकांसाठी योग्य सुरुवात आहे. बोटांनी हळू वाजवणाऱ्याला ४५-१०५ पुरतात, पिकने जोरात वाजवणाऱ्याने ११० पर्यंत जावं.

फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेष्टण असलेल्या) तारा सहसा त्याच जाडीत जास्त कडक लागतात, आणि बऱ्याचदा ई तारेचं दुखणं तेवढ्यानेच बरं होतं. पण सरसकट नाही. थोमास्टिकच्या फ्लॅट तारा मऊपणासाठीच ओळखल्या जातात. ला बेलाचा हॉफनरसाठीचा संच ३९-५६-७७-९६ असा मुद्दाम हलका आहे. पाकिटावरची जाडी वाचून थांबू नका, कंपनीचा ताणाचा तक्ता पाहा. तक्ता ३४ इंचाचा असेल तर प्रत्येक आकड्याला ०.७८ ने गुणा.

हॉफनरसारख्या पोकळ बॉडीवर ११० च्या तारा चढवू नका. तिथे ब्रिज पातळ टॉपवर नुसता टेकलेला असतो आणि सगळा दाब त्या टॉपवर येतो.

दुकानात लाँग स्केलच्याच तारा मिळतात. कापून लावल्या तर?

चालतात, पण सगळ्या नाही. लाँग स्केलची ई तार ३० इंची बेसवर चढवली की तिचा पूर्ण जाडीचा भाग ट्यूनरच्या खुंटावर गुंडाळला जातो. राउंडवाउंड ते सहन करते. फ्लॅटवाउंडची बाहेरची पट्टी अरुंद खुंटावर वळताना उचकटते किंवा तुटते. फ्लॅट घ्यायच्या तर शॉर्ट स्केलच्याच घ्या.

कापण्याची पद्धत अशी. तार खुंटापर्यंत ओढा आणि खुंटाच्या पुढे ८-१० सेंमी सोडा. त्या जागी पकडीने काटकोनात घट्ट वाकवा. वाकवल्यानंतरच, त्या कोनाच्या पुढे एक सेंमीवर कापा. आधी कापलं तर बाहेरचं वेष्टण आतल्या गाभ्यावरून सुटतं, तार मधेच मेल्यासारखी वाजते आणि ती परत दुरुस्त होत नाही. गोल गाभ्याच्या तारांना हा धोका जास्त. षटकोनी गाभ्याच्या तारा एखादी चूक पोटात घालतात.

शॉर्ट स्केलचा संच आणला तरी तो आखूड पडला. असं कसं?

बहुधा तुमच्या बेसमध्ये तारा बॉडीच्या मागून आरपार येतात. मस्टँगच्या मूळ रचनेत तसंच आहे. तिथे स्केलमध्ये बॉडीची जाडी मिळवावी लागते. वरून तार अडकवणाऱ्या ब्रिजवर तारेच्या गोळीपासून नटपर्यंतचं अंतर साधारण ७९०-८०० मिमी असतं, बॉडीतून येणाऱ्या तारेला ते ८२० च्या पुढे जातं. बऱ्याच शॉर्ट स्केल संचांचं पूर्ण जाडीचं वेष्टण ३२ इंचांवर, म्हणजे ८१३ मिमीवर संपतं. मग नटवर रेशमी धागा किंवा निमुळता भाग येतो, खाचेत सैल बसतो आणि मोकळी तार खुळखुळते.

म्हणून ऑर्डर करण्याआधी जुन्या तारेवरून हे अंतर मोजा आणि त्यात १५-२० मिमी मिळवा. तेवढं वेष्टण असलेला संच घ्या, मग पाकिटावर ‘शॉर्ट’ असो की ‘मीडियम’. ला बेला मस्टँगसाठी वेगळा संच काढते तो याच कारणाने.

घरी सेटअप करताना मापं किती ठेवावीत?

क्रम मोडू नका: नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन, पिकअपची उंची. नव्या तारा लावून, सुरात आणून, एक रात्र जाऊ दिल्यावरच सुरुवात करा.

नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि नेक बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.२५ ते ०.३५ मिमी फट हवी. गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंगला जो फीलर गेज वापरतात तोच इथे लागतो, ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि पुढचा पाव फेरा काही तासांनी. एलन की थोडीही सैल बसत असेल तर थांबा. मिलिमीटर आणि इंची मापांच्या चाव्या दिसायला सारख्या असतात, आणि चुकीच्या चावीने रॉडच्या नटाचा षटकोन गोल झाला की काम घरातून कारागिराकडे जातं.

तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर ई तार २.५ मिमी, जी तार २ मिमी. लाँग स्केलवर याहून खाली जाता येतं. इथे तार ढिली असल्याने तिचा झोका मोठा असतो, त्याला जागा लागते.

पिकअप: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ईखाली ३ ते ३.५ मिमी आणि जीखाली २.५ मिमी अंतर ठेवा. पिकअप फार वर आणला तर चुंबक ढिल्या तारेला खेचतो, वरच्या फ्रेटवर ई बेसूर होते, आणि लोक इंटोनेशनचे स्क्रू फिरवत बसतात.

महाराष्ट्र-गोव्यात जून आणि ऑक्टोबर असं वर्षातून दोनदा हे सगळं पुन्हा मोजा. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं. नेक कुठल्या बाजूला वळेल ते लाकडावर अवलंबून असतं, तेव्हा अंदाजाने रॉड फिरवू नका. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसाव्यात आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. खारी हवा तारांइतकीच सॅडलचे बारीक स्क्रूही खाते, आणि गंजलेला सॅडलचा स्क्रू काढणं हा एक दिवसाचा उद्योग होऊन बसतो.

ई तारेचं इंटोनेशन जुळतच नाही, सॅडल मागे जायला जागाच उरली नाही.

शॉर्ट स्केलची ही नेहमीची तक्रार. जाड आणि आखूड तार तुलनेने ताठ असते आणि तिला जास्त भरपाई लागते. आधी हे करून बघा: तार सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे अंगठ्याने दाबा, म्हणजे ती तिथे स्पष्ट कोनात वळेल. नव्या जाड तारा सॅडलवर कमानीसारख्या वळतात, आणि नुसत्या या दाबण्याने बराच फरक मिटतो.

तरी नाही जुळलं तर सॅडलची स्प्रिंग अर्धी कापा किंवा ई पुरती काढून टाका. तारेचा ताण सॅडलला जागेवर धरतो. काही सॅडल उलटे फिरवून बसवल्यावर तार टेकण्याची जागा दोन-तीन मिमी मागे जाते. एवढं करूनही बाराव्या फ्रेटवरचा सूर पाच सेंटच्या (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आत येत नसेल तर तार जुनी आहे किंवा तिचं वेष्टण सैल झालं आहे. ब्रिज हलवण्याआधी तार बदला.

जुन्या स्क्वायर ब्रोंकोच्या ब्रिजला चार तारांत मिळून दोनच सॅडल आहेत. तिथे ई आणि ए एका सॅडलवर असल्याने दोन्ही अचूक जुळणं शक्यच नाही. ई थोडी चढी, ए थोडी उतरती ठेवून भागवा, नाहीतर चार सॅडलचा ब्रिज लावा.

जाड तारा लावल्यावर ई तार नटच्या खाचेत बसत नाही. नट घरी करता येईल?

येईल, घाई केली नाही तर. १०५ ची तार म्हणजे २.६७ मिमी. खाच तिच्यापेक्षा ०.०५ ते ०.०८ मिमी रुंद हवी. नटच्या खास कानशी महाग पडतात. जुन्या, किंचित बारीक बेस तारेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाच रुंद करता येते. बारीक तारांसाठी गॅस वेल्डिंगवाल्यांकडचा टिप क्लीनर कामाला येतो. खाचेचा तळ ट्यूनरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा. उलटा उतार झाला तर तार नटच्या मागच्या कडेवर टेकते आणि सतारीसारखी झणझणते.

खोली मोजायला दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर ईखाली ०.३ ते ०.५ मिमी आणि जीखाली ०.२ ते ०.३ मिमी फट राहिली पाहिजे. खाच जास्त खोल गेली तर तिच्यात चिमूटभर खाण्याचा सोडा भरा, फेविक्विकचा एक थेंब टाका आणि पुन्हा घासा. तो लगेच दगडासारखा होतो, आणि होताना गरम होतो, वाफही निघते. तोंड लांब ठेवा, फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावा. हा उपाय तात्पुरता आहे. पुढच्या तारा बदलण्याआधी हाडाचा नवा नट बसवलेला बरा.

हॉफनरवाल्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे नटच्या लगेच पुढे झिरो फ्रेट (तारा ज्यावर टेकतात तो जादा फ्रेट) असल्याने नट फक्त तारांना रांगेत धरतो.

ब्रोंकोचा पिकअप बदलायचा आहे. त्यात काय बसतं?

ब्रोंकोच्या बंद प्लास्टिक कव्हरखाली स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या मापाचा सहा पोलचा सिंगल कॉइल असतो. म्हणजे स्ट्रॅटच्या मापाचा कुठलाही पिकअप लाकूड न कोरता बसतो. ही या स्वस्त बेसची मोठीच सोय आहे. सहा पोल आणि चार तारा एका रेषेत येत नाहीत, पण त्याने वाटतो तेवढा फरक पडत नाही, चुंबकीय क्षेत्र पोलच्या आजूबाजूलाही पसरलेलं असतं. तरीही ए आणि डी तारा दबल्यासारख्या वाटत असतील तर सलग पट्टीचा पिकअप घ्या, तिथे हा प्रश्नच राहत नाही.

यात सर्वाधिक वापरला जातो तो सेमोर डंकनचा हॉट रेल्स. तो हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असल्याने गुणगुण जाते आणि आवाज जाडजूड होतो. त्याच्या तारा अशा जोडायच्या: काळी व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) इनपुटला, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून त्यावर इन्सुलेशन, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. मूळ २५०के (२५० किलोओहमचे) पॉट ठेवले तर वरची धार मवाळ राहते. बेससाठी आम्हाला तेच बरं वाटतं. ५००के लावले की पिकच्या टकटकीसकट सगळं बाहेर येतं.

मस्टँग किंवा मिक्रोसाठी?

मस्टँगचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो, पण फेंडरच्याच प्रिसिजन बेसच्या पिकअपच्या मापाचा नाही. ‘स्प्लिट कॉइल’ एवढंच वाचून मागवलात तर बसणार नाही. मस्टँगच्याच मापाचे नॉर्डस्ट्रँडसारखे कारागीर बनवतात. मिक्रोमध्ये प्रिसिजन आणि जॅझ (फेंडरचाच दुसरा बेस) या पद्धतीच्या पिकअपची जोडी आहे. प्रिसिजनचे तुकडे सहसा नेहमीच्या मापाचे असतात, जॅझच्या पिकअपची लांबी मात्र मोजूनच घ्या. बाजारात त्याच्या साधारण ९२ आणि ९५ मिमी अशा दोन लांब्या आहेत.

दोन पिकअप एकत्र केले की आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा होतो.

दोघांची फेज उलटी आहे. एकाच पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा, की झालं. फक्त त्या पिकअपचं धातूचं कव्हर किंवा खालची पट्टी ग्राउंडच्या तारेला जोडलेली नाही ना, ते आधी पाहा. असेल तर ती वेगळी काढून स्वतंत्र तारेने ग्राउंड करा, नाहीतर अदलाबदल केल्यावर कव्हर गरम (सिग्नलच्या) तारेला जोडलं जाईल आणि हात लावताच गुणगुणेल.

ईबी-० चा आवाज नुसताच घुमतो, एकही सूर वेगळा ऐकू येत नाही.

जुन्या गिब्सन ईबीच्या नेकजवळच्या पिकअपला ‘मडबकर’ असं नाव पडलंय ते उगीच नाही. डीसी रोध ३० किलोओहमच्या घरात, म्हणजे वेटोळ्यांचा प्रचंड गुंडा, आणि त्यामुळे वरच्या कंपनांची वाट लागते. त्यात तो नेकच्या अगदी टोकाशी बसवलेला. दोन्ही कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडल्या की आवाज थोडा खाली येतो पण बराच उघडतो. त्यासाठी कॉइलच्या चारही तारा बाहेर आलेल्या हव्यात. दोनच आल्या असतील तर पिकअप उघडावा लागतो. जुना, मूळ पिकअप असेल तर तो उघडू नका.

त्यापेक्षा खात्रीचा उपाय ब्रिजजवळ दुसरा पिकअप बसवणं. गिब्सनने १९६१ मध्ये ईबी-३ काढला तो याच रचनेचा, आणि क्रीम या बँडमध्ये जॅक ब्रूसने तोच वाजवला. जागा ठरवताना ध्यानात ठेवा की पिकअपचं ब्रिजपासूनचं अंतर स्केलच्या टक्क्यांत मोजायचं असतं. १५० मिमी हे ३४ इंचावर १७.४ टक्के होतं, ३० इंचावर १९.७ टक्के. लाँग स्केलच्या नकाशावरून मिमी उचलून छिद्रं पाडली तर पिकअप हवा त्यापेक्षा नेककडे पडतो आणि आवाज पुन्हा गोल होतो.

पॉट आणि कपॅसिटर इथल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात का?

कपॅसिटर नक्की. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. ०.०४७ मायक्रोफॅरडसाठी ‘४७३’ लिहिलेला फिल्म कपॅसिटर मागा, आणखी काळोखी टोन हवा असेल तर ‘१०४’, म्हणजे ०.१. पॅसिव्ह बेसमध्ये व्होल्टेज नगण्य असतं, ५० किंवा १०० व्होल्टचा पुरतो. यावर शेकडो रुपये घालवू नका. मूल्य ऐकू येतं, कपॅसिटरची कुळी ऐकू येत नाही.

पॉटचं जरा जपून. या बाजारातले बरेच पॉट १६ मिमी अंगाचे आणि ७ मिमीच्या बुशचे असतात. सीटीएस कंपनीच्या पॉटचं अंग २४ मिमी आणि बुश ९.५ मिमी. तो स्वस्त बेसच्या पिकगार्डमध्ये बसवायला भोक मोठं करावं लागतं, आणि साध्या ड्रिल बिटने प्लास्टिक तडकतं. हाताने फिरवायचा रीमर किंवा पायऱ्यांचा बिट वापरा. नॉबही बदलावे लागतील: सीटीएसच्या चिरलेल्या दांड्याला २४ दाते असतात, आशियाई पॉटला १८. जुना नॉब दाबून बसवलात तर तो दुभंगतो.

आशियाई पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनियर. खात्री नसेल तर पॉट बरोबर मध्यावर ठेवून मल्टिमीटरने मोजा. निम्मं मूल्य आलं तर लिनियर, दहा-पंधरा टक्के आलं तर लॉग. टोनला लॉगच घ्या, नाहीतर सगळा बदल शेवटच्या थोड्याशा फिरकीत होतो.

पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडायला २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न अपुरा पडतो. पाठ तापेपर्यंत आतला कार्बनचा मार्ग भाजतो. ४० ते ६० वॉटचा घ्या, पाठ पॉलिश पेपरने खरवडा, तीन-चार सेकंदांत काम संपवा.

गुणगुण येते. तारांना हात लावला की कमी होते.

मग ग्राउंड ठीक आहे, शील्डिंग कमी आहे. तुमचं शरीर अँटेनासारखं घरातली वीज पकडतं आणि तारांना हात लावल्यावर ते ग्राउंड होतं. पिकअपची आणि कंट्रोलची पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा. पट्टीचा डिंक बहुतेकदा वीज वाहू देत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्या आणि मल्टिमीटरने दोन टोकांत एक ओहमपेक्षा कमी रोध आहे ना ते पाहा. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल वापरू नका, तिला साधं सोल्डर धरत नाही. शेवटी झाकण लावल्यावर बेस एकदम मुका झाला तर जॅकची गरम पात पट्टीला टेकली आहे. तिथे इन्सुलेशन टेप लावा.

हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर ब्रिजखालची ग्राउंड तार तुटली आहे किंवा जॅकच्या तारा उलट लागल्या आहेत.

आणि तारांना किंवा माइकला ओठ लागताच झिणझिण्या येत असतील तर बेस ताबडतोब खाली ठेवा. तो दोष गिटारचा नाही, घरातल्या किंवा हॉलच्या अर्थिंगचा आहे. अनेक जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थची तार कुठेच गेलेली नसते. वायरमनकडून तपासून घ्या. अँपची अर्थ पिन काढून ‘आवाज बंद करणं’ हा जीवघेणा उपाय आहे.

बेस सोडला की डोकं जमिनीकडे झुकतं.

लहान हलकी बॉडी आणि पूर्ण मापाचे ट्यूनर, त्यामुळे असं होतं. गिब्सनच्या एसजी गिटारच्या आकाराच्या ईबीत पट्ट्याचं बटण नेकच्या सांध्यामागे असल्याने जास्तच. आधी आतून खरखरीत कातड्याचा रुंद पट्टा लावून पाहा. मग हलके ट्यूनर: हिपशॉट अल्ट्रालाइट किंवा गोटो रेझोलाइट. चार मिळून शंभर-दीडशे ग्रॅम कमी होतात, आणि ते वजन नेकच्या टोकावरून कमी होत असल्याने परिणाम मोठा असतो. बॉडीच्या शेपटीला तोच तोल साधायला याच्या दुपटीपेक्षा जास्त वजन लावावं लागेल, मग शॉर्ट स्केलचा हलकेपणा गेला.

मागवण्याआधी एक ट्यूनर काढून डोक्यातल्या भोकाचा व्यास, डोक्याची जाडी आणि स्क्रूंच्या जागा व्हर्नियरने मोजा. अजून एक गोष्ट: डोक्याचं वजन बदललं की जी तारेवरची, बहुधा पाचव्या ते सातव्या फ्रेटमधली, मेलेली जागा (जिथे सूर लवकर विझतो) सरकते. कधी ती नको त्या सुरावर येऊन बसते. आधी डोक्याला छोटा सुतारी क्लँप लावून ती कशी हलते ते ऐका.

जड ब्रिजने सस्टेन (सूर टिकून राहणं) वाढतो का?

किंचित. आवाज फार बदलेल ही अपेक्षा ठेवू नका. ब्रिज बदलायचं योग्य कारण म्हणजे इंटोनेशन जुळत नाही किंवा सॅडल खुळखुळतात. गिब्सनच्या दोन आणि तीन स्क्रूंच्या ब्रिजवर इंटोनेशन साधणं जिकिरीचं असतं. तिथे छिद्र न पाडता बसणारा हिपशॉट सुपरटोन पैसे वसूल करतो. बाकी शॉर्ट स्केलवर सस्टेन कमी करायलाच लोक धडपडतात: भांडी घासायच्या स्पंजची मऊ बाजू बोटभर रुंद कापून ब्रिजच्या पुढे तारांखाली सरकवा. मस्टँगच्या मूळ ब्रिजवर म्यूट कारखान्यातूनच येत असत.

३४ इंची बॉडीवर ३० इंची नेक बसवता येईल?

नुसता स्क्रूने बसेल, सुरात वाजणार नाही. वीस फ्रेटच्या ३४ इंची नेकवर शेवटच्या फ्रेटपासून ब्रिज २७२ मिमीवर असतो, तसाच वीस फ्रेटचा ३० इंची नेक लावला तर तो २४० मिमीवर हवा. म्हणजे ब्रिज ३२ मिमी पुढे, सुतारी भाषेत दहा सूत. जुनी भोकं उघडी पडतात आणि पिकअप ब्रिजच्या फार जवळ येतो. मस्टँग किंवा ब्रोंकोचा एकोणीस फ्रेटचा नेक असेल तर सुमारे १८ मिमीत भागतं. तरी एवढा खटाटोप करण्यापेक्षा लाँग स्केलवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावा. उरलेली तार ३०.३ इंच भरते. आवडते का ते फुकटात कळेल.

नेहमीच्या ई-ए-डी-जी ऐवजी खालचं बी-ई-ए-डी लावू शकतो का?

३० इंचावर बी तार १३० ची लावली तरी ताण अपुरा राहतो, सूर धूसर येतो. मिक्रोवर तर विचारच करू नका. उलट ए-डी-जी-सी असं वर चढवणं शॉर्ट स्केलला मानवतं: लाँग स्केलच्या संचातली ए-डी-जी आणि एक बारीक सी. त्यासाठी नटच्या खाचा सैल होतात, तेव्हा या प्रयोगाला वेगळा नट करा.

अॅक्टिव्ह प्रीअँप बसवू का?

पोकळीत नऊ व्होल्टची बॅटरी बसते का ते आधी बघा. ४८ × २६ × १७ मिमीची ती चौकट बऱ्याच छोट्या बेसमध्ये मावत नाही, आणि बॅटरीसाठी लाकूड कोरायचं तर पेडलमधला प्रीअँप सोपा. बसवलाच तर स्टिरिओ जॅक लावा आणि बॅटरीची काळी तार त्याच्या रिंगला जोडा, नाहीतर केबल काढली तरी बॅटरी संपत राहील.

हॉफनरच्या तारा बदलताना ब्रिज सुटून आला. आता?

तो चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबाने उभा असतो. चिकटवू नका. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर पुढे तेवढंच मोजून ब्रिज ठेवा, जी आणि ई तारा लावा, बाराव्या फ्रेटवर दोन्ही जुळेपर्यंत सरकवा. मग पायांभोवती मास्किंग टेपने खूण करा. मधल्या तारांसाठी ब्रिजवरच्या फ्रेटच्या तुकड्यांना वेगवेगळ्या खाचा आहेत, चिमट्याने उचलून पुढच्या-मागच्या खाचेत ठेवा. यापुढे तारा एकेक करून बदला.

नेकचे किंवा पट्ट्याच्या बटणाचे स्क्रू नुसतेच फिरतात.

भोकातली लाकडाची आटी गेली आहे. जाड स्क्रू कोंबू नका, लाकूड तडकतं. टूथपिकच्या काड्यांना फेविकॉल लावून भोक गच्च भरा, एक रात्र वाळू द्या, वर आलेली टोकं ब्लेडने कापा. ३.५ मिमीच्या स्क्रूला २.५ मिमीचं भोक पाडा, स्क्रूला मेण चोळा आणि हाताने आवळा. ड्रिल मशीनने स्क्रू पिळू नका, पहिल्या वेळी आटी बहुधा त्यानेच गेलेली असते.